गोड पाण्यातली मैना

येडशीचा नबीलाल भिस्ती भर दुपारी रस्त्यात थांबायचा. पाठीवर पखाल घेतलेला बैल दहा पावलं पुढं जाऊन आपणहून थबकायचा, आणि हा मागं मान वाकडी करून स्टेशनाच्या बाजूला कान लावून उभा. ओठ हलायचे. जवळून जाणाऱ्याला ऐकू यायचं, "आलो गं, आलो." मग तो चालू लागायचा, पण स्टेशनाकडं नव्हे, दुसऱ्याच वाटेनं. गावानं आधी हसून घेतलं, मग झाडपाला सुचवला, मग कुठून तरी ताईत आणून दंडाला बांधला, आणि शेवटी नाद सोडून दिला. गावाचं असंच असतं. तीन उपाय हरले की माणूस वेडा ठरतो आणि बाकी सगळे मोकळे होतात.

नबीलाल वेडा नव्हता. त्याला जे ऐकू यायचं ते एके काळी सगळ्या येडशीनं ऐकलं होतं. इतरांनी ते विसरून टाकलं, त्याला ते जमलं नाही, एवढंच.

पाणी घालणं हा त्याचा पिढीजात धंदा. बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी चामड्याची मोठी पखाल, हातात काठी, आणि बैलाच्या गळ्यात घंटा, म्हणजे बायकांना घरात बसल्या जागी कळावं की पाणी आलं. येडशीत तेव्हा पाण्याच्या भरवशाच्या जागा दोनच. एक स्टेशनाला लागून असलेली खारी विहीर. तिचं पाणी इंजिनालासुद्धा चालत नसे. दुसरी गावाच्या पल्याड अर्ध्या कोसावर, ती गोडी विहीर. खारं पाणी भिंतीच्या चिखलाला आणि रस्त्यावर शिंपायला. त्यासाठी नबीलालकडं एक जुनी, ठिगळांची पखाल वेगळी ठेवलेली होती. पिण्याच्या पखालीत खाऱ्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही आणि जित्या जिवापुढं खारं पाणी ठेवायचं नाही, हे त्याच्या बापानं त्याच्या खांद्यावर पट्टा टाकला त्याच दिवशी कबूल करून घेतलं होतं. भिस्ती लोक करबल्याच्या रणात पाण्यावाचून मेलेल्यांची तहान विसरत नाहीत. मोहरमच्या दहाव्या दिवशी नबीलाल वेशीत उभा राहून येईल त्याला गुळाचं पाणी पाजायचा, मग तो कोणी का असेना, आणि त्या दिवशी त्याच्या तोंडावर जे समाधान असायचं ते जहागीरदाराच्या तोंडावरसुद्धा कोणी पाहिलं नसेल.

असा हा आपल्या कामाला जपणारा माणूस. हे जपणंच पुढं त्याच्या मुळावर आलं.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दुनियेत मोठी लढाई चालू होती. त्या दिवसांत, एका माघात, बार्शीहून लातूरला निघालेली एक सर्कस छोट्या रेल्वेनं येडशीत आली. गाडी थांबली तेव्हा शेवटच्या उघड्या डब्याच्या चाकाचा आस तडकलेला सापडला. त्या डब्यात लोखंडी हौद बसवलेला, हौदात पाणी, आणि पाण्यात मैना. लढाईमुळं लोखंड मिळणं मुश्किल, नवा आस कधी येईल ते सांगता येईना. डबा गाडीपासून सोडवून सायडिंगला ढकलला, सर्कस पुढं गेली आणि मैना तिच्या मास्तरासकट मागं राहिली.

जाहिरातीच्या कागदावर तिचं नाव 'दर्याई शेर' असं छापलं होतं. शेर म्हणावं तर आयाळ नाही, मासा म्हणावं तर अंगभर आखूड तपकिरी केस. तोंड कुत्र्याच्या जवळपास जाणारं, हातापायांच्या जागी चार चपटे काळे पंजे, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना करंगळीच्या पेराएवढे कान. आवाजाचं तर विचारू नका. मैना हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मैना ठाऊक नसावी. पहिल्या दुपारी ती हौदाच्या काठावर छाती टेकून भुंकली तेव्हा गावातली सगळी कुत्री गप झाली. स्टेशनमास्तर महांतप्पा कचेरीचं दार आतून लावून बसला होता. हे त्यानं पुढं कधी मान्य केलं नाही.

मैनेचा मास्तर मलबारकडचा, काळासावळा, कमी बोलणारा. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत तो नबीलालला तिच्याबद्दल सांगायचा, कारण हौद भरायचं काम महांतप्पानं नबीलाललाच दिलं होतं आणि ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. ही मासा नव्हे, हिला दम घ्यायला वर यावंच लागतं. नाकपुड्या आपोआप मिटलेल्या असतात, श्वास घ्यायचा तेव्हाच ती त्या उघडते. मागचे पंजे पोटाखाली वळवून ही जमिनीवर चार पायांवर चालते. ऊन तापलं की एक पंजा पाण्याबाहेर उभा धरते, त्यातून अंगातली उष्णता निघून जाते. नबीलालला इतके दिवस वाटत होतं की ती आपल्याला सलाम करते. रुळातले गोटे ती गिळायची तेव्हा तो घाबरून ओरडला, तर मास्तर म्हणाला की गिळू दे, ह्यांच्या पोटात गोटे असतातच. आणि तिच्या डोळ्यांतून गालावर कायम पाणी वाहायचं, ते पाहून नबीलालनं विचारलं, ही रडते का. ती रडत नाही, मास्तर म्हणाला. तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायला वाट नसते, म्हणून ते बाहेर येतं.

हे शेवटचं काही नबीलालला पटलं नाही. डोळ्यांत पाणी येतं ते दुःखानं, असं त्याचं साधं मत होतं.

आठ-दहा दिवसांनी मास्तर तापानं फणफणला. मुदतीचा ताप. त्याला बार्शीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. फलाटावर बाजेवर निजल्या निजल्या त्यानं नबीलालचं मनगट धरलं आणि सांगितलं. तेरहून भोई लोकांची मासळीची टोपली रोज सकाळच्या गाडीनं येईल, गार्ड शिवशरण उतरवून देईल; सहा शेर मासळी, डोक्याकडून तोंडात द्यायची. हौदाचं पाणी रोज अर्धं बदलायचं. आणि पाण्यात मीठ घालायचं. रोज, न चुकता. डब्यात मिठाची पोती आहेत, किती पायल्या घालायच्या तेही त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. नबीलालनं मान हलवली. सगळं नीट कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायला त्याला पुढं जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोत्याची शिवण उसवायला हात घातला आणि हात तिथंच थांबला. मैना काठाला आली होती, तोंड वर करून बघत होती, गाल ओले. एवढ्या लांबून धरून आणलेला, डब्यात कोंडलेला जीव, आणि त्याच्या पाण्यात आपण आपल्या हातानं मीठ कालवायचं? त्या पाण्यातच ती डोळे उघडते. मीठ डोळ्यात गेलं तर काय होतं हे कोण जाणत नाही?

"मास्तर तापात बरळत व्हता," तो महांतप्पाला म्हणाला.

"आरं, दर्याचं पाणी खारंच असतंय म्हणत्यात," महांतप्पा म्हणाला. दर्या त्यानंही पाहिला नव्हता.

"असंल. ती खुदाची करणी. माझ्या हातचं खारं पाणी कुन्या जित्या जिवाला लागायचं न्हाय."

महांतप्पाला गाडीची वर्दी द्यायची होती. तो आत गेला. बोलणं तिथंच संपलं.

मग नबीलालनं जी मेहनत केली ती पाहून दगडालाही दया यावी. खारी विहीर डब्यापासून तीस पावलांवर. तिच्याकडं ढुंकूनही न बघता तो अर्ध्या कोसावरच्या गोड्या विहिरीला दिवसाला सहा खेपा घालायचा, त्या गावच्या खेपांहून वेगळ्या. बैल वाळला, तोही वाळला. त्याची बायको सकिनाबी त्याच्या खांद्याला तेल चोळता चोळता म्हणायची, "त्या बैलाला तरी इचारा, त्याला झेपतंय का. मला तर तुमी इचारत न्हाय."

"तिला दुसरं कोन हाय?" तो म्हणायचा.

मैना त्याला ओळखू लागली. बैलाची घंटा लांबून ऐकली की ती भुंकायला लागे, आणि नबीलाल वळणावरूनच ओरडून सांगे, "आलो गं, आलो." की ती गप. पाच-पाच मिनिटांनी पुन्हा भुंके, पुन्हा तो ओ देई. गाव हसायचं. नबीलालला पोरीबाळी होत्या, लग्नं होऊन आपापल्या घरी होत्या. त्यांच्याशी तो इतक्या लाडानं बोलल्याचं सकिनाबीला आठवत नव्हतं आणि हे तिनं त्याला एकदा तोंडावर सांगितलंसुद्धा.

एका गोष्टीचं नवल त्याला वाटायचं. मैना पाणी पीत नसे. एवढ्या कष्टानं आणलेलं गोडं पाणी, आणि ती एक घोट घेईना. मासळीत असेल तेवढ्या ओलीवर ती भागवत होती. थकलेला माणूस असल्या गोष्टीचा फार विचार करत नाही.

फाल्गुन सरत आला तेव्हा मैना डोळे बारीक करून राहू लागली. गालावरचं पाणी वाढलं, दाट झालं. नबीलालला वाटलं, मास्तराची आठवण येत असेल. धोतराचा सोगा धुऊन त्यानं तिचे डोळे पुसायला सुरुवात केली. मग गोड्या विहिरीचं पाणीही त्याला पुरेसं चांगलं वाटेना. रामलिंगाच्या दरीतल्या झऱ्याचं पाणी सगळ्यांत हलकं, सगळ्यांत निर्मळ, असं जो तो म्हणे. तो पहाटे उठून तिथून घागर भरून आणू लागला, खास तिचे डोळे धुवायला. ती डोकं त्याच्या हातात देऊन निमूट बसायची.

महांतप्पा एकदा जवळ येऊन बघून गेला. "डोळ्यात फूल पडल्यागत दिसतंय रं, नबीलाल. निळसर दिसतंय."

"आभाळ दिसतंय त्यात," नबीलाल म्हणाला. "आंधळ्या जनावराला मासळी घावती व्हय? बघा."

त्यानं हौदात मासा टाकला. मैनेनं पाण्यात मुंडी घातली, मिशा पुढं फेंदारल्या आणि क्षणात मासा पकडला. महांतप्पाचं समाधान झालं. नबीलालचं तर आधीच झालेलं होतं. हल्ली ती त्याच्या हाताला, दंडाला, तोंडाला आपल्या राठ मिशा लावून लावून बघायची. पूर्वी असं करत नसे. माया वाढली, असं त्यानं सकिनाबीला घरी येऊन सांगितलं.

सकिनाबीनं भाकरी थापता थापता विचारलं, "मास्तरानं मीठ सांगितलं व्हतं न्हवं?"

त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोवर तो कधी चिडत नसे, त्या दिवशी चिडला. ज्याला आतून शंका आलेली असते तोच असा चिडतो.

चैत्र लागला आणि मास्तर परत आला. अंगावर मांस नव्हतं, डोक्यावरचे केस गळालेले. तो फलाटावरून सरळ डब्याकडं आला. नबीलाल तिथंच होता. मास्तरानं तोंडावर बोट ठेवून त्याला गप राहायला सांगितलं, टोपलीतला एक मासा उचलला आणि मैनेच्या तोंडासमोर हातभर अंतरावर धरला. मैना हलली नाही. त्यानं मासा डावीकडं नेला, उजवीकडं नेला. तिचं डोकं जागच्या जागी. ती कान देऊन बसली होती. मग त्यानं मासा पाण्यात सोडला. खळ्ळ झालं आणि मिशांच्या जोरावर तिनं तो शोधून काढला.

नबीलालला त्या क्षणी सगळं कळलं. हाताला लागणाऱ्या त्या मिशा कसल्या होत्या तेही कळलं. ती त्याला चाचपून बघत होती.

"नमक?" मास्तरानं विचारलं.

नबीलालनं डब्याच्या कोपऱ्याकडं हात केला. पोती जशीच्या तशी, शिवणीसकट.

मास्तर ओरडला असता, अंगावर धावून आला असता तर बरं झालं असतं. तो डब्याच्या पायरीवर बसला. मग थकल्या आवाजात म्हणाला की खाऱ्या पाण्याचे डोळे आहेत हे, गोड्या पाण्यात नासतात, पांढरे पडतात. जितकं गोडं पाणी, तितके लवकर. आता मीठ घालू. परत येतील, नाही तर नाही. त्यानं नबीलालला का असं विचारलंच नाही. विचारलं असतं तर नबीलालला बापाला दिलेला शब्द सांगता आला असता.

पुढचे पाच दिवस नबीलालनं खाऱ्या विहिरीचं पाणी आणलं, जुन्या ठिगळांच्या पखालीतून, आणि त्यात स्वतःच्या हातानं मीठ कालवलं. त्याच्या बोटांच्या भेगांत ते चरचरायचं. मैना त्या पाण्यात उतरली आणि पहिल्यांदाच उलटी-पालटी होऊन खेळली. हे बघवेना म्हणून त्यानं पाठ फिरवली.

आस आला, बसवला, डबा दुपारच्या गाडीला जोडायचं ठरलं. तेव्हा मास्तरानं नबीलालला बाजूला घेतलं. माझ्या हाकेला ती आता वळत नाही, तो म्हणाला. दोन दिवस मी मासळी दिली, तिनं तोंडात धरून टाकून दिली. तुझ्या हातची खाते. ह्यांच्या मुलखात किनाऱ्यावर हजार-हजार जनावरं पडलेली असतात, त्यातून आई पिलाला नुसत्या आवाजावरून शोधते. आई हाक देते, पिलू ओ देतं. दुसऱ्या कोणी ओ दिली तर चालत नाही, आणि ओ आली नाही तर ती हाका मारत फिरते. हिनं तुझा आवाज धरला आहे.

"तू साथ चल," मास्तर म्हणाला. "एक महिना. लातूरतक."

लातूर काही विलायतेला नव्हतं. दिवसभराचा प्रवासही नव्हे. नबीलालनं सांगितलं की बैल कोण बघणार. गावाला पाणी कोण घालणार. घरी बायको एकटी. तिन्ही गोष्टी खोट्या होत्या, बैल बघायला पाव्हणे होते, पाण्याला शेजारच्या गावचा भिस्ती आला असता, आणि मैनेला निरोप द्यायला आलेली सकिनाबी तर मागं उभी राहून म्हणत होती, "जावा की. मी ऱ्हाते." खरी गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नाही. ज्याच्या हातानं डोळे गेले त्याच्याच हातात ती रोज सकाळी डोकं देणार, विश्वासानं, काही एक न कळता. हे एक महिना सोसायचं त्याला धैर्य नव्हतं. पहिली चूक त्यानं श्रद्धेनं केली होती. ही दुसरी त्यानं जाणूनबुजून केली, भर दुपारी, शुद्धीत.

मास्तरानं आग्रह केला नाही. गाडी लागली. नबीलालनं बैलाच्या गळ्यातली घंटा सोडून खिशात घातली आणि तो खाऱ्या विहिरीच्या आड जाऊन उभा राहिला. डबा हलला तशी मैना भुंकू लागली. आधी रोजच्यासारखी, थांबून थांबून, ओ येईल म्हणून वाट बघत. मग न थांबता. गाडी वळणाला लागली, धूर दिसेनासा झाला, तरी आवाज येतच होता, आणि सकिनाबी त्याचा दंड हलवून म्हणत होती, "ओ तरी द्या. एवढी ओ तरी द्या तिला." नबीलालनं दात आवळले होते.

बारा दिवसांनी लातूरकडून येणाऱ्या गाडीतून गार्ड शिवशरण उतरला आणि स्वतः नबीलालला शोधत विहिरीवर आला. उन्हाचा तडाखा होता. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"मैना गेली," तो म्हणाला. "नऊ दिस मासळीला तोंड लावलं न्हाय. समदे उपाय केले मास्तरानं. रस्त्यानं कुनाची बैलगाडी गेली, घंटा वाजली, की मुंडी वर करायची अन् वरडायची. मग तेबी बंद केलं."

नबीलालनं पखालीचं तोंड बांधलं. हाताला काम हवं म्हणून सोडून पुन्हा बांधलं. मग त्यानं एकच गोष्ट विचारली.

"पानी कसं व्हतं? मीठ घालत व्हते का?"

"घालत व्हते की. रोज." शिवशरणला वाटलं, चांगली गोष्ट सांगितली तर ह्याला बरं वाटेल. "मास्तर म्हनला, डोळं निवळाय लागलं व्हतं. एका डोळ्यानं तर तिला दिसतबी व्हतं. येईल त्या मान्साच्या तोंडाकडं बघायची म्हनं. बघायची अन् मान फिरवायची."

नबीलालनं बैलाची दोरी सोडली.

"म्हंजी पान्यात काय कमी न्हवतं," तो म्हणाला, आणि त्यानं बैलाला हाकललं.